सी ड्राइव्हवरचं बिऱ्हाड

संगणकाच्या जगात मोठ्या प्रश्नांना तोटा नाही. यंत्राला बुद्धी येईल का, आली तर ते आपल्याला नोकरीवरून काढेल का, आणि काढलंच तर निदान नोटीस तरी शुद्ध मराठीत देईल का, यावर परिसंवाद होतात, अध्यक्ष समारोप करतात, चहा होतो. पण रोजच्या वापरात माणसाचा सर्वांत जास्त छळ करणारा प्रश्न कुठल्याच परिसंवादात येत नाही, कारण तो फार क्षुल्लक दिसतो. एखाद्या प्रोग्रामनं आपल्या फाइली ठेवायच्या कुठे? सेटिंग कुठे लिहायची, अर्धवट काम कुठे जपायचं, उद्या फेकायचं ते आज कुठे टाकायचं? प्रोग्राम लिहिणारा या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही. त्याच्यासमोर एक फोल्डर उघडं असतं, तो तिथे लिहून टाकतो, फाइल तयार होते आणि विषय संपतो. म्हणजे त्याच्यापुरता संपतो. वापरणाऱ्यापुरता तो तिथून सुरू होतो.

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न तांत्रिक नाहीच, तो मालकीचा आहे. प्रोग्राम म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर राहायला आलेलं बिऱ्हाड. बिऱ्हाडकरूनं खुंटी कुठे ठोकायची याचा विचार करण्याआधी भिंत कोणाची याची चौकशी करायची असते. बहुतेक प्रोग्राम मात्र लिहिणाऱ्याच्या घरचा नकाशा खिशात घालून येतात, आणि जगातल्या प्रत्येक घरात मोरी त्याच कोपऱ्यात असणार अशा खात्रीनं बादली उपडी करतात. मग पाणी दिवाणखान्यात शिरलं, की पडद्यावर एक खिडकी उघडते आणि तिच्यात 'ॲक्सेस इज डिनाइड' असं लिहिलेलं असतं. यातली मौज अशी, की हा संदेश खरं तर बिऱ्हाडकरूसाठी असतो. वाचावा लागतो तो मालकाला.

ही सवय लागली ती डॉसच्या काळात, आणि ती लागण्यात कोणाचा फारसा दोष नव्हता. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता. तो १९८३ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत आला. जिथे कपाटच नाही तिथे कुठल्या कप्प्यात ठेवू, असं कोण विचारणार? पुढे फोल्डर आली तरी एक संगणक, एक माणूस, सगळीकडे मोकळीक अशीच रीत राहिली. फाइलच्या नावाला आठ अक्षरं, मग एक टिंब, मग तीन अक्षरं, एवढीच काय ती शिस्त. विंडोज ३.१ च्या दिवसांत प्रोग्राम आपल्या सेटिंगच्या फाइली खुशाल विंडोजच्याच फोल्डरमध्ये टाकत. विंडोज ९५ नं 'प्रोग्राम फाइल्स' हे स्वतंत्र फोल्डर दिलं, पण त्याला कुलूप नव्हतं. त्यामुळे प्रोग्रामनं जिथे स्वतः राहायचं तिथेच आपली वही लिहायची, ही रीत पक्की झाली. २००१ मध्ये एक्सपी आली. तिच्यात कुलुपं होती, पण घरी संगणक घेणारा जवळजवळ प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच आत शिरत असल्यामुळे सगळ्या किल्ल्या सगळ्यांकडे होत्या. आपल्याकडच्या कितीतरी कचेऱ्यांत 'ॲडमिन' हे संगणकावरच्या खात्याचं नाव नसून तो कचेरीतला एक अदृश्य कर्मचारी होता. सगळे त्याच्याच नावावर काम करत आणि चूक झाली की त्यानंच केलेली असे.

२००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली आणि मायक्रोसॉफ्टनं कुलुपं खरोखर लावली. ॲडमिनिस्ट्रेटरलासुद्धा रोजच्या कामात साध्या माणसासारखं वागवायचं, आणि 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये काही लिहायचं तर आधी परवानगी मागायची, असं ठरलं. पण तोवर जगातले हजारो प्रोग्राम तिथे लिहीत होते. ते सगळे एका रात्रीत बंद पडले असते तर लोकांनी प्रोग्रामवाल्यांना नव्हे, व्हिस्टाला शिव्या दिल्या असत्या (तशा त्या दिल्याच, पण वेगळ्या कारणांसाठी). म्हणून एक युक्ती काढली. जुना प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहायला गेला की विंडोज 'हो, लिहिलं' असं सांगते आणि गुपचूप ती फाइल त्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, खोल आत, 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या जागी ठेवते. प्रोग्राम वाचायला आला की तिथूनच काढून देते. प्रोग्रामला शेवटपर्यंत कळत नाही की आपण आपल्या जागी लिहीत नाही आहोत. एवढ्या प्रेमानं आणि चिकाटीनं फसवणूक फक्त कुटुंबात होते.

पण या मायेचे परिणाम पाहा. एकाच संगणकावर दोघं जण काम करतात. एकानं सेटिंग बदललं, ते त्याच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये गेलं. दुसऱ्याला जुनंच दिसतं. दोघंही एकाच फाइलचं नाव घेऊन भांडतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. तिसरा जाणकार येतो, 'प्रोग्राम फाइल्स' उघडतो, तिथली मूळ फाइल दुरुस्त करतो. प्रोग्राम तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, कारण त्याला त्याची खासगी प्रत मिळालेली असते. ही सोय तात्पुरती आहे, पुढे काढून टाकू, असं मायक्रोसॉफ्टनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. तात्पुरत्या सोयीचं जे सगळीकडे होतं तेच इथे झालं. विंडोज ११ च्या टास्क मॅनेजरमध्ये याच युक्तीच्या नावाचा, 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' असा रकाना आजही उघडता येतो.

आता पहिला आक्षेप घेतला जाईल तो व्यवहारी लोकांकडून. एवढा घोळ कशाला? उजवं बटण दाबा, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा, काम फत्ते. हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की प्रोग्रामबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात तो पहिल्या क्रमांकावर छापलेला सापडतो. पण याचा अर्थ नीट बघा. ज्या प्रोग्रामला फक्त खिडकीची रुंदी लक्षात ठेवायची आहे, त्याला आपण अख्ख्या यंत्रावर काहीही करायची मुभा देतो. उद्या त्याच प्रोग्रामनं एखादी फसवी फाइल उघडली तर ती फसवी फाइलही ॲडमिनिस्ट्रेटर होते. शिवाय कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बँकेत, सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाकडे तो अधिकार नसतोच. त्याला खिडकीची रुंदी बदलायची तर सिस्टिमवाल्याला बोलवावं लागतं, आणि तो जेवायला गेलेला असतो.

खरी गोष्ट अशी आहे, की प्रोग्राम लिहिणाऱ्याचा संगणक हा जगातला सर्वांत अपवादात्मक संगणक असतो. तिथे सगळे अधिकार असतात, डिस्कवर जागा असते, खात्याचं नाव छोटं, इंग्रजी आणि मधे जागा न सोडता लिहिलेलं असतं. त्या संगणकावर 'सी ड्राइव्ह, मग प्रोग्राम फाइल्स' असा पत्ता हातानं लिहिला तर तो चालतो. तो जर्मनीत गेल्यावर काय होतं? एक्सपीच्या जर्मन आवृत्तीत त्या फोल्डरचं नाव 'प्रोग्रामं' होतं, 'फाइल्स' नव्हतंच. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हे तर जर्मनमध्ये पूर्ण भाषांतरित करून ठेवलेलं होतं. व्हिस्टानं पुढे शहाणपणा केला आणि डिस्कवर नाव इंग्रजीच ठेवून दाखवताना तेवढं भाषांतर करायला सुरुवात केली. पण त्याच वेळी 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' बदलून 'यूजर्स' केलं. जुन्या नावाची एक पाटी मात्र सी ड्राइव्हवर राहू दिली. प्रोग्राम त्या पाटीवरून नव्या जागी आपोआप पोचतात. माणसानं कुतूहलानं तिच्यावर दोनदा टिचकी मारली तर प्रवेश नाकारला जातो. ती पाटी आपल्यासाठी नाहीच, पत्ता पाठ करून बसलेल्या प्रोग्रामांसाठी आहे.

'यूजर्स' फोल्डरच्या आत पुढे आपलं नाव असतं, निदान असावं अशी अपेक्षा असते. विंडोज १० किंवा ११ नव्यानं सुरू करताना मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत गेलं, तर ती ईमेलच्या पत्त्यातली पहिली पाच अक्षरं उचलते आणि त्यांचंच फोल्डर करते. ही पाच अक्षरं रोमन लिपीतली. त्यामुळे गंगाधरपंतांची 'गंगा' होते, सीतारामभाऊंची 'सितार' होते आणि काशीनाथरावांची अक्षरशः काशी होते. नाव विचारायचं सौजन्य नाही, आणि एकदा पडलेलं नाव नंतर बदलणं म्हणजे नस्ता उद्योग. अशा घरांत जो प्रोग्राम 'मालकाचं खात्यावरचं नाव अमुक, म्हणून त्याचं फोल्डर तमुक' असा हिशोब करून पत्ता जुळवेल, तो गंगाधरपंतांच्या दारात उभा राहून बेल वाजवत बसेल; ते दार डिस्कवर कुठेच नाही.

यावर कोणी बाणेदारपणे ठरवलं, की आपण विंडोजवरचं खातं मराठीत उघडू, 'सुनीता' असं शुद्ध देवनागरीत लिहू, तर त्या बाणेदारपणाची परीक्षा लगेच होते. विंडोजला देवनागरी नाव चालतं. विंडोज २००० पासून ती देवनागरी जाणते. पण अनेक प्रोग्राम अजून विंडोजची जुन्या पद्धतीची कार्यं (फंक्शन) वापरतात. त्या पद्धतीत प्रत्येक भाषेसाठी अक्षरांचं एक छोटं कोष्टक असे. देवनागरीला विंडोजमध्ये असं जुनं कोष्टक मिळालंच नाही; ती आली ती थेट युनिकोडमध्ये. मग जुना प्रोग्राम फोल्डरचं नाव विचारतो, आणि कोष्टकात नसलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी विंडोज त्याला एक प्रश्नचिन्ह देते. 'सुनीता' या नावात युनिकोडची सहा चिन्हं आहेत, म्हणून सहा प्रश्नचिन्हं. प्रोग्राम ती इमानेइतबारे पत्त्यात घालतो आणि त्या जागी फाइल लिहायला जातो. आता गंमत अशी, की विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह वापरायला सक्त मनाई आहे. म्हणजे विंडोजनं स्वतःच दिलेला पत्ता विंडोजच बेकायदेशीर ठरवते, आणि वापरणाऱ्या बाईंना सल्ला मिळतो की नाव इंग्रजीत ठेवा. स्वतःच्या घराच्या दारावर कोणत्या लिपीत पाटी लावावी हे बिऱ्हाडकरूनं मालकाला सांगायची वेळ येते ती अशी.

ज्यांना वाटतं की हे विंडोजचं दुखणं आहे, त्यांच्यासाठी आपल्या भाषेतलं एक अक्षर पुरेसं आहे. 'बिऱ्हाड'मधला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता असा जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ॲपलच्या मॅकवरची एचएफएस-प्लस ही १९९८ पासूनची जुनी व्यवस्था फाइलच्या नावातल्या अशा चिन्हांची स्वतःहून फोड करून ठेवत असे. लिनक्स आलेलं नाव जसंच्या तसं ठेवतो. त्यामुळे 'बिऱ्हाड' नावाची फाइल मॅकवर जाऊन परत लिनक्सवर आली की मूळ फाइलवर बसण्याऐवजी तिच्या शेजारी येऊन उभी राहू शकते. एकाच फोल्डरमध्ये दोन 'बिऱ्हाड', नावात डोळ्यांना दिसेल असा काही फरक नाही, आत मजकूर वेगळा. 'शेतकऱ्यांची यादी' अशी फाइल हाताळणाऱ्यांनी याची विशेष नोंद घ्यावी. २०१७ मध्ये आलेल्या ॲपलच्या एपीएफएस या नव्या व्यवस्थेनं ही फोड करणं थांबवलं, पण जुन्या डिस्क आणि जुन्या बॅकअप अजून आहेत. लांबीचंही तसंच. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ व्यवस्थेत फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत चालतं. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे मराठीच्या वाट्याला आली ८५ चिन्हं, त्यांत काना-मात्रा वेगळ्या, हलंत वेगळा. 'ज्ञानेश्वरी' एवढं म्हणेपर्यंत ३३ बाइट संपतात. एखाद्या शासन निर्णयाचा विषय फाइलला नाव म्हणून द्यायला गेलं तर 'बाबत'पर्यंत पोचण्याआधीच जागा संपते. आणि प्रोग्रामनं त्या नावापुढे स्वतःच्या मनानं 'आपोआप जतन केलेली प्रत' असं जोडायचं ठरवलं, की ती प्रत तेवढी जतन होत नाही.

इथवरचे प्रसंग त्रासाचे होते. आता नुकसानीचे. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलनं आयट्यून्स २.० काढलं. जुनी आवृत्ती काढून टाकण्याचं काम इन्स्टॉलरमधली एक छोटी स्क्रिप्ट करत होती, आणि तिच्यात डिस्कचा पत्ता अवतरणचिन्हांत घालायचा राहून गेला होता. अवतरणचिन्ह नसलं की मधल्या मोकळ्या जागेपाशी पत्त्याचे दोन तुकडे होतात. ज्यांच्या डिस्कच्या नावात अशी जागा होती, त्यांच्यातल्या काहींच्या डिस्कवरचा सगळा मजकूर गाणी ऐकायच्या आधीच पुसला गेला. ॲपलनं घाईनं ती आवृत्ती मागे घेतली. जानेवारी २०१५ मधलं स्टीमचं प्रकरण याहून सरस आहे. लिनक्सवरच्या या खेळांच्या दुकानाची सुरुवातीची स्क्रिप्ट आपण कुठे राहतो ते शोधून एका चलात ठेवत असे, आणि कधी गरज पडली तर 'त्या जागेतलं सगळं पुसा' असा हुकूम सोडत असे. एका वापरकर्त्यानं स्टीमचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं. स्क्रिप्टला आपली जागा सापडेना, चल रिकामं राहिलं, आणि हुकूम उरला तो 'सगळं पुसा' एवढाच. त्या माणसाच्या मालकीचं जे जे होतं ते गेलं. बॅकअपसाठी जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही त्यात आली. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानं स्वतःच एक टीप लिहून ठेवलेली होती: 'स्केअरी!' म्हणजे भीती वाटत होती. ती जगाला कळवायची तेवढी बाकी होती.

लिनक्सचा विषय निघाला आहे तर त्याचाही अहंकार थोडा उतरवायला हरकत नाही. युनिक्सच्या घराण्यात नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली फाइल यादीत दिसत नाही, आणि त्या टिंबाच्या आडोशाला शेकडो प्रोग्राम आपली सेटिंग ठेवतात. ही कोणाची दूरदृष्टी नव्हे. युनिक्सच्या चमूत काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये याचा उगम सांगितला आहे. 'हेच फोल्डर' आणि 'वरचं फोल्डर' दाखवणारी एक टिंब आणि दोन टिंब ही नावं यादीतून वगळायची होती. नीट तपासणी करण्याऐवजी 'पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून द्या' एवढाच सोपा मार्ग निवडला गेला. त्या आळसातून लपलेली फाइल जन्मली, आणि लोकांनी तिला सोय मानून प्रत्येकाच्या घराच्या उंबऱ्यावर टिंबवाल्या वस्तूंचा खच पाडला. २००३ पासून एक्सडीजी नावाचा संकेत आहे: सेटिंग 'डॉट-कॉन्फिग'मध्ये, माहिती 'डॉट-लोकल-शेअर'मध्ये, फेकून देण्याजोगं 'डॉट-कॅश'मध्ये, आणि या जागा कुठे आहेत ते मालक बदलू शकतो. दोन दशकं उलटून गेली तरी या संकेताला ज्येष्ठ प्रोग्राम तितकेच जुमानतात जितके ज्येष्ठ नागरिक बागेतल्या 'हिरवळीवर बसू नये'ला.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मात्र वजनदार आहे. प्रोग्राम पोर्टेबल हवा, असं म्हणणारा एक मोठा वर्ग आहे. त्यांचं म्हणणं, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा: प्रोग्राम, सेटिंग, माहिती. फोल्डर उचललं, पेनड्राइव्हवर टाकलं, दुसऱ्या संगणकावर तेच घर. काढून टाकायचं तर फोल्डर पुसलं, मागे काही उरत नाही. २००४ मध्ये जॉन हॅलर यांनी फायरफॉक्सची पेनड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती काढली, आणि सायबर कॅफेच्या त्या काळात ती लोकांना वरदान वाटली यात नवल नाही. हा विचार प्रामाणिक आहे. अडचण एवढीच, की त्यात एक गृहीत दडलेलं आहे: प्रोग्राम जिथे आहे तिथे लिहिता येतं. पेनड्राइव्हवर येतं. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये येत नाही, लिनक्सच्या 'यूएसआर-बिन'मध्ये येत नाही. मॅकवर ॲपच्या पोटात काही लिहिलं तर त्याची डिजिटल सही मोडते. २०१६ च्या सिएरापासून मॅकनं तर कहर केला: इंटरनेटवरून उतरवलेलं ॲप 'डाउनलोड्स'मधूनच उघडलं, तर व्यवस्था ते एका भलत्याच, दर वेळी बदलणाऱ्या आणि फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवू शकते. शेजारी ठेवलेली फाइल शोधायला ॲप वळून बघतं, तर शेजारच नसतो.

म्हणून पोर्टेबल असणं चांगलं की वाईट हा वाद व्यर्थ आहे. तो निर्णय कोणी घ्यायचा एवढंच ठरवायचं आहे. नोटपॅड प्लस प्लसनं याचं उत्तर सुंदर दिलं आहे. त्याच्या फोल्डरमध्ये 'डूलोकलकॉन्फ' नावाची एक रिकामी फाइल असली तर तो सेटिंग शेजारीच ठेवतो. नसली तर विंडोजनं नेमून दिलेल्या जागी जातो. आणि 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसवलेला असेल तर ती फाइल असूनही शेजारी लिहायचा हट्ट करत नाही. व्हीएस कोड आपल्या शेजारी 'डेटा' नावाचं फोल्डर दिसलं तर त्यात संसार मांडतो. दोन्हीकडे मालकानं खूण ठेवायची, बिऱ्हाडकरूनं ती ओळखायची. मग पेनड्राइव्ह आज 'ई' आणि उद्या 'जी' झाला तरी बिघडत नाही. मात्र 'नुकत्याच उघडलेल्या फाइली'ची यादी पूर्ण पत्त्यांनी लिहून ठेवली असेल, तर उद्या ती यादी एका दिवंगत ड्राइव्हची श्रद्धांजली होते. शेजारच्या वस्तूंचा पत्ता आपल्यापासून मोजावा, आणि 'आपण' म्हणजे प्रोग्राम जिथे आहे ती जागा. तो जिथून सुरू केला ती नव्हे. शॉर्टकटवरून उघडलं तर चालतं आणि टर्मिनलमधून उघडलं तर फाइल सापडत नाही, या रहस्यकथेतला खुनी दर वेळी हाच असतो.

तिसरा आक्षेप वापरणाऱ्यांचा. तुमच्या त्या शास्त्रशुद्ध जागा आम्हाला दिसतच नाहीत! विंडोजचं 'ॲपडेटा' लपवलेलं, मॅकनं २०११ च्या लायनपासून 'लायब्ररी' लपवलेलं, लिनक्सचं टिंबाच्या आड. संगणक बदलताना लोक 'डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉप उचलून नेतात आणि पाच वर्षांची बेगमी जुन्या यंत्राबरोबर भंगारात जाते. तक्रार खरी आहे, आणि तिच्यावर उपाय एका मेनूचा आहे: 'सेटिंगचं फोल्डर उघडा'. ज्या प्रोग्रामांत तो असतो ते सभ्य. पण या तक्रारीतून काही जण भलताच निष्कर्ष काढतात, की मग सगळं 'डॉक्युमेंट्स'मध्येच टाकू. खेळ बनवणाऱ्यांनी हा मार्ग इतक्या उत्साहानं धरला की 'डॉक्युमेंट्स' उघडावं तर आत 'माय गेम्स', आणि शिवाय तिथेही न गेलेल्या खेळांची स्वतंत्र फोल्डर. ज्या गृहस्थानं आयुष्यात तीन पत्रं आणि एक मृत्युपत्र लिहिलं, त्याला ते शोधायला ड्रॅगनांच्या गर्दीतून जावं लागतं.

'डॉक्युमेंट्स' माणसाचं आहे. तिथे त्यानं 'सेव्ह' म्हणून ठेवलेली वस्तूच असावी. प्रोग्रामची सेटिंग ही प्रोग्रामची, पण त्या माणसापुरती. कॅश कोणाचीच नाही, ती केव्हाही पुसली तरी कोणी रडू नये. विंडोजनं 'रोमिंग' आणि 'लोकल' असे दोन कप्पे काढले ते याच समजुतीनं: मोठ्या कचेरीत माणूस कुठल्याही संगणकावर बसला तरी 'रोमिंग'मधलं त्याच्यामागून जातं, 'लोकल'मधलं तिथेच राहतं. ज्यांना हा फरक वाचायचा कंटाळा आला, त्यांनी चित्रांची शेकडो एमबीची कॅश 'रोमिंग'मध्ये ठेवली, आणि अख्खी कचेरी सकाळी लॉगिन करून नेटवर्कवरून तो कचरा येण्याची वाट पाहत बसली. उलट प्रकारही होतो. तात्पुरत्या 'टेम्प'मध्ये कोणी कायमची चीज ठेवतो. लिनक्सवर सिस्टिमडीच्या मूळ सेटिंगप्रमाणे तिथल्या न वापरलेल्या वस्तू दहा दिवसांनी झाडल्या जातात, आणि मग अकराव्या दिवशी बोंब होते.

क्लाउडच्या जमान्यात हे सगळं जुनं झालं, असंही म्हटलं जातं. क्लाउडनं हा प्रश्न मिटवला नाही, पत्ता बदलला. विंडोजवर वनड्राइव्ह सुरू केलं की 'डॉक्युमेंट्स' उठून वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जाऊन बसू शकतं, आणि जुना पत्ता पाठ केलेला प्रोग्राम रिकाम्या खोलीत लिहीत राहतो. याचं सर्वांत बोलकं उदाहरण खुद्द मायक्रोसॉफ्टनंच घालून दिलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली. ज्यांनी 'डॉक्युमेंट्स'सारखी फोल्डर दुसरीकडे वळवली होती, त्यांच्याकडे जुन्या जागी त्याच नावाची फोल्डर उरली होती. ती रिकामी आणि निरुपयोगी आहेत असं समजून अपडेटनं पुसून टाकली. काहींच्या जुन्या जागी खऱ्या फाइली होत्या. अशा तक्रारी दहा हजारांत एक इतक्याच असल्याचं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, अपडेट थांबवलं आणि नोव्हेंबरात पुन्हा दिलं. घरमालकाचाच स्वतःच्या घराबद्दलचा अंदाज असा चुकत असेल, तर बिऱ्हाडकरूनं अंदाजानं चालावं काय?

विचारायची सोय मात्र केव्हाची आहे. विंडोजमध्ये त्यासाठी नेमकं कार्य आहे, मॅकमध्ये आहे, लिनक्सवर संकेत आहे, आणि तिन्हींच्या भानगडीत पडायचं नसेल तर क्यूटीसारख्या साधनांत 'सेटिंगची जागा कुठली' असं विचारलं की त्या त्या यंत्राचं उत्तर तयार मिळतं. मिळालेल्या जागी लिहिता येईल का, हे आधी चौकशी करून ठरवण्यात अर्थ नाही. चौकशी आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणात डिस्क भरते, नेटवर्क तुटतं, अँटिव्हायरसला जाग येते. लिहून बघावं, जमलं नाही तर स्पष्ट सांगावं की कुठे लिहीत होतो आणि काय अडलं. तेही नव्या नावानं पूर्ण लिहून मग जुन्या फाइलच्या जागी बसवावं, म्हणजे वीज गेली तर निदान जुनी तरी हाती राहते. महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तरीही लोक विचारत नाहीत, आणि का विचारत नाहीत याचा पुरावा विंडोजच्या रजिस्ट्रीतच जपून ठेवलेला आहे. तिथे 'शेल फोल्डर्स' नावाची एक जागा आहे. तिच्यात सगळ्या महत्त्वाच्या फोल्डरांचे पत्ते उघड लिहिलेले असतात. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००३ मध्ये तिची हकिकत लिहिली. विंडोज ९५ तयार होत असताना, पत्ते विचारण्याचं अधिकृत कार्य पक्कं होण्यापूर्वी, ते तात्पुरते तिथे लिहिले जात. १९९४ मध्ये लिहिलेले चार प्रोग्राम त्यावर अवलंबून होते. ते बंद पडू नयेत एवढ्यासाठी ती जागा राहू दिली. मग सगळ्यांनाच ती सापडली. अधिकृत कार्याची माहिती वाचण्यापेक्षा रजिस्ट्रीत डोकावणं सोपं. शेवटी मायक्रोसॉफ्टनं त्याच जागेत, पत्त्यांच्या यादीत सर्वांत वर, उद्गारचिन्हासकट एक नोंद घातली: ही जागा वापरू नका, त्याऐवजी अमुक कार्य वापरा. ती नोंद आजही तिथे आहे. ती वाचायची तर त्या जागेत जावंच लागतं, आणि तिथवर गेलेला माणूस खालचे पत्ते उतरवून घेतल्याशिवाय परत येत नाही.